गल्लीच्या तोंडावरचा फलक: तो कोण लावतो, कसा लागतो आणि आपण काय करायचे?

दुपारचे साडेबारा वाजले होते. आमची सकाळची शाळा सुटत होती. त्याच गल्लीत राहणाऱ्या एका खालांच्या छातीत दुखू लागले. घरच्यांनी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वेळेवर आली आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दोन्ही बाजूंना चारचाकी, मध्ये मुलांना न्यायला आलेल्या रिक्षा, त्यात एक टेम्पो माल उतरवत उभा. शेवटी मोहल्ल्यातल्या मुलांनी खालांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून कोपऱ्यापर्यंत नेली. अल्लाहचा शुक्र, खाला बऱ्या झाल्या. पण ती खुर्ची आमच्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाही.

दोन दिवसांनी पोरांनी वर्गणी काढली. एका पेंटरकडून पत्र्यावर लाल अक्षरांत ‘नो पार्किंग’ लिहून घेतले आणि फलक खांबाला बांधून टाकला. आठवडाभर त्याचा धाक राहिला. मग एकाने गाडी लावली, त्याच्या मागे दुसऱ्याने. आम्ही चौकातल्या वाहतूक हवालदारांना बोलावून आणले. त्यांनी फलकाकडे बघितले आणि विचारले, “सर, हा कुणी लावला? ह्याचा आदेश कुठंय? ह्यावर मी कुणाची पावती फाडू?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. नगरसेवकाला सांगितले की फलक लागतो, एवढेच आम्हाला ठाऊक होते. पुढचे आठ महिने आम्ही शाळेतले चार शिक्षक आणि मोहल्ल्यातले काही पालक मिळून ही कामे शिकलो. बरेच हेलपाटे फुकट गेले. ते तुमचे वाचावेत म्हणून सगळी पद्धत इथे क्रमाने मांडतो आहोत. आमचे शहर पुण्या-मुंबईएवढे मोठे नाही, पण कायदा सगळ्या महाराष्ट्राला एकच आहे. जिथे मोठ्या शहराचे उदाहरण हवे तिथे पुण्याचे घेतले आहे.

फलक एक, कार्यालये दोन

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही: रस्ता महापालिकेचा असतो, पण त्या रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याचा अधिकार पोलीस-प्रशासनाकडे असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधली तीन कलमे इथे कामाची आहेत. ती पाठ करायची गरज नाही, पण अर्जात लिहिली की समोरचा माणूस अर्ज नीट वाचतो.

कलम ११५: एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार. एकेरी वाहतूक, जड वाहनांना मनाई, ठरावीक वेळेत प्रवेश बंद, हे सगळे यात येते.

कलम ११६: वाहतुकीचे फलक लावण्याचा अधिकार. या कलमाने दिलेल्या अधिकाराशिवाय रस्त्यावर वाहतुकीचे चिन्ह उभारता येत नाही. म्हणजे आमच्या पोरांचा पत्रा कायद्याच्या नजरेत फलक नव्हताच. उलट असा दिशाभूल करणारा फलक किंवा खऱ्या फलकाला झाकणारी जाहिरात काढून टाकण्याची तरतूद याच कलमात आहे. खरा फलक मुद्दाम काढणे, बदलणे किंवा खराब करणे यालाही हेच कलम मनाई करते.

कलम ११७: वाहने कुठे आणि किती वेळ उभी करायची, म्हणजे पार्किंगच्या जागा आणि थांबे ठरवण्याचा अधिकार. या कलमात एक महत्त्वाची अट आहे. जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी, म्हणजे महापालिकेशी किंवा नगरपरिषदेशी, सल्लामसलत करावी लागते.

हे अधिकार मुळात राज्य सरकारचे आहेत. सरकारने ते खाली सोपवले आहेत. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त किंवा वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आदेश काढतात. पुण्यात असे आदेश वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या सहीने निघतात आणि त्यांत गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या अधिसूचनेचा हवाला असतो. आयुक्तालय नसलेल्या ठिकाणी आदेशावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांची सही असते.

मग महापालिकेचे काम काय? खांब रोवणे, फलक लावणे, पांढरे-पिवळे पट्टे मारणे, पदपथ बांधणे, सिग्नल बसवणे आणि या सगळ्याचा खर्च करणे. हे काम पथ विभागाकडे किंवा अभियांत्रिकी विभागाकडे असते. नगरपरिषदेच्या गावात मुख्याधिकाऱ्यांना भेटायचे.

आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही महापालिकेत गेलो. ते म्हणाले, पोलिसांचा आदेश आणा. पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, महापालिकेचे पत्र आणा. दोन महिने आम्ही चेंडूसारखे इकडून तिकडे फिरलो. मग एका लिपिक भाऊंनी हळूच सांगितले, “सर, अर्ज एकच लिहा. दोघांच्या नावाने. दोन्हीकडे पोच घ्या. मग कुणी कुणाकडे पाठवणार नाही.” आठ महिन्यांतला सर्वात उपयोगी सल्ला हाच होता.

रस्ता नक्की कुणाचा आहे?

अर्ज लिहिण्याआधी हे विचारून घ्या. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही राष्ट्रीय महामार्ग असतात, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. पुण्यात कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येतो. सोसायटीच्या आतला रस्ता खासगी असेल तर तिथे सोसायटीनेच नियम करायचा. क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला विचारले तर एका मिनिटात कळते.

आदेश कसा निघतो?

सर्वसाधारण क्रम असा असतो.

१. मागणी येते. ती नागरिकांच्या अर्जातून येते, लोकप्रतिनिधीच्या पत्रातून येते, अपघातानंतर येते किंवा वाहतूक पोलीस स्वतःच कोंडी बघून प्रस्ताव करतात.

२. स्थळपाहणी होते. आपल्या भागाच्या वाहतूक विभागाचे पोलीस निरीक्षक जागा बघतात. बहुतेक वेळा महापालिकेच्या अभियंत्याबरोबर संयुक्त पाहणी होते. या दिवशी आपण तिथे हजर असायला हवे.

३. तात्पुरता आदेश निघतो. तो प्रायोगिक तत्त्वावर असतो. त्यात रस्त्याचे नाव, कुठपासून कुठपर्यंत, कोणत्या बाजूला, कोणत्या वेळेत, हे सगळे लिहिलेले असते. अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना सहसा सूट असते.

४. हरकती आणि सूचना मागवल्या जातात. पुण्यातल्या आदेशांत ठरावीक तारखेपर्यंत लेखी हरकती उपायुक्त कार्यालयात द्याव्यात असे छापलेले असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. ती आपण वाचत नाही.

५. हरकतींचा विचार करून अंतिम आदेश निघतो.

६. महापालिका फलक लावते, पट्टे मारते. त्यानंतरच दंडाची कारवाई रास्त ठरते.

एक सवलत ध्यानात ठेवा. कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ चालणार नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही. स्थानिक पातळीवर लोकांना कळवले तरी पुरते. गणेश विसर्जन, पालखी, ईद-ए-मिलादचा जुलूस किंवा ईदच्या सकाळी पुण्यात गोळीबार मैदानाच्या ईदगाहभोवती वाहतुकीत होणारा बदल, हे असेच थोड्या वेळापुरते बदल आहेत. म्हणून ते झटपट होतात. गल्लीतला कायमचा फलक त्या वेगाने येत नाही.

फलक वाचायला शिका

वर्गात आम्ही मुलांना हे आकारावरून शिकवतो. फलक कसे असावेत हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत ठरवून दिले आहे.

गोल फलक म्हणजे हुकूम. प्रवेश बंद, वेगमर्यादा, हॉर्न मनाई हे सगळे गोल असतात. तो मोडला तर दंड.

त्रिकोणी फलक म्हणजे सावधगिरी. पुढे शाळा आहे, वळण आहे, गतिरोधक आहे. त्यात मनाई नसते, त्यामुळे तो लावून घेणे तुलनेने सोपे जाते.

चौकोनी फलक म्हणजे माहिती. दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंगची जागा.

दोन अपवाद आहेत. ‘थांबा’चा फलक अष्टकोनी असतो आणि ‘रस्ता द्या’चा त्रिकोण उलटा असतो.

निळ्या गोलाला लाल कडा आणि त्यावर एक तिरपी लाल रेघ असेल तर तिथे गाडी उभी करून ठेवायची नाही. त्याच निळ्या गोलावर दोन लाल रेघांची फुली असेल तर तिथे थांबायचेसुद्धा नाही, मुलाला उतरवण्यापुरतेही नाही. हा फरक पालकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो.

मुख्य फलकाखाली छोटी पाटी असेल तर ती आधी वाचा. वेळ, अंतर, बाण किंवा वाहनाचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. पुण्यात अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ असे फलक दिसतात. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ च्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची. बाहेरगावचा पाहुणा तिथे हमखास फसतो.

फलक नाही म्हणून गाडी कुठेही लावता येते का?

नाही. इथे आपल्यापैकी बरेच जण चुकतात. वाहन चालवण्याबाबतचे केंद्राचे २०१७ चे नियम काही जागा आपोआप बंद ठेवतात. चौकाजवळ, पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस थांब्याजवळ, शाळेच्या आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ, दुसऱ्या उभ्या गाडीच्या बाजूला दुहेरी रांगेत, कुणाच्या फाटकासमोर, वाहतुकीचा फलक झाकला जाईल अशा जागी: इथे फलक असो वा नसो, गाडी लावायची नाही. शिवाय कलम १२२ सांगते की इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडून जाऊ नये.

म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकासमोर फलकाची वाटसुद्धा बघायची नव्हती. त्या हवालदारांना आम्ही ‘फलकावर कारवाई करा’ असे म्हणालो. ‘फाटक अडवले आहे’ असे म्हणायला हवे होते.

दंडाचे म्हणाल तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दर लागू आहेत. नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा तेच केले तर १,५०० रुपये. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा. मनाईच्या जागी लावलेली किंवा दहा तासांपेक्षा जास्त काळ बेवारस सोडलेली गाडी हलवायला गणवेशातला पोलीस अधिकारी कलम १२७ खाली परवानगी देऊ शकतो.

पैसे घेऊन पार्किंग: हा निर्णय वेगळा

रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न महापालिकेच्या सभागृहात सुटतो, कारण त्यात दर आणि ठेका येतो. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोध इतका झाला की सुरुवात मोजक्याच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करायचे ठरले आणि अंमलबजावणी बरीच वर्षे रखडली. कारण समजण्यासारखे आहे. ज्याच्या इमारतीत पार्किंग नाही, त्याला रस्ता आपल्या घराचाच भाग वाटतो. पण रस्त्यावरची एक चारचाकी साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा घेते. आपल्या मोहल्ल्यांत याहून लहान खोलीत अख्खे कुटुंब राहते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

म्हणून कुणी गल्लीत पावतीपुस्तक घेऊन उभा राहिला तर त्याच्याकडे ठेक्याची प्रत आणि दरफलक मागा. ते नसेल तर पैसे देऊ नका.

इतर मागण्या कुणाकडे?

गतिरोधक: प्रत्येक अर्जात हा असतोच. स्वतः सिमेंट ओतून उंचवटा करू नका. रात्री दुचाकीवरून येणारा आपलाच माणूस त्यावर पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी सुखरूप जाते. त्याआधी सूचनाफलक आणि वर पट्टे हवेत.

रिक्षा थांबा: वाहतूक पोलीस, महापालिका आणि परिवहन कार्यालय मिळून पाहणी करतात. मान्यता प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची लागते.

हातगाड्या: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रीच्या जागा नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने ठरतात. नो पार्किंगच्या आदेशाने कुणाची हातगाडी उठवता येत नाही आणि हातगाडीवाल्यालाही गल्लीचे तोंड अडवता येत नाही.

खर्च: पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी लहान कामे सुचवू शकतात. एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये ठेवलेली आहे. पदपथ, फलक, बाकडी अशी कामे त्यात बसतात. आपल्या शहरात अशी सोय आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

अर्जात माप हवे

आमचा पहिला अर्ज दोन पाने भरून होता. त्यात दुःख होते, राग होता, आकडा एकही नव्हता. तो फायलीत गेला आणि तिथेच झोपला. दुसऱ्या अर्जाआधी आम्ही आठवीच्या मुलांना टेप दिला. गणिताचा तासच गल्लीत घेतला म्हणा ना.

गल्लीची रुंदी भरली ६ मीटर. उभी चारचाकी साधारण १.८ मीटर रुंद. कडेपासून ३० सेंटिमीटर सोडले तर एका बाजूला २.१ मीटर गेले. दोन्ही बाजूंना मिळून ४.२ मीटर गेले. मध्ये उरले १.८ मीटर. रुग्णवाहिकेची रुंदी दोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की रुग्णवाहिका येऊच शकत नाही. चालक कितीही हुशार असो. एका बाजूचे पार्किंग बंद केले तर ३.९ मीटर उरतात. रुग्णवाहिका जाते, शेजारून मुलांची रांगही जाते.

हे चार ओळींचे गणित आम्ही अर्जाला जोडले. सोबत शाळा सुटतानाचे तीन दिवसांचे फोटो, तारीख-वेळेसह. मुलांनी काढलेला गल्लीचा नकाशा. पंधरा दिवसांत पाहणीसाठी फोन आला.

अर्जाचा नमुना देतो आहोत. नावे-गावे तुमची घाला.

प्रति,
१) मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक विभाग
२) मा. सहायक आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय, महानगरपालिका

विषय: (गल्लीचे नाव) येथे एका बाजूस नो पार्किंग करणेबाबत.

महोदय/महोदया,
वरील रस्ता (कुठपासून) ते (कुठपर्यंत) ... मीटर लांब व ... मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंस वाहने लागल्याने मध्ये ... मीटर जागा उरते व रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन आत येऊ शकत नाही. दि. ... रोजी असा प्रसंग घडला आहे. या रस्त्यावर शाळा असून ... विद्यार्थी ये-जा करतात.
तरी मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५, ११६ व ११७ अन्वये (कोणती) बाजू (कोणत्या वेळेत) नो पार्किंग घोषित करून फलक व पट्टे मारण्यात यावेत. संयुक्त पाहणीची तारीख कळवावी, ही विनंती.
सोबत: मोजमाप, नकाशा, फोटो, रहिवाशांच्या सह्या.

दोन्ही कार्यालयांत दोन-दोन प्रती न्या. एक द्या, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा.

ज्याच्या दुकानासमोर फलक येणार आहे, त्याचे काय?

ही बाब आम्ही शेवटी शिकलो आणि ती आधी शिकायला हवी होती. पाहणीच्या दिवशी गल्लीतले पंक्चरवाले चाचा पुढे आले. म्हणाले, “सर, तुमची मुलं माझीपण नातवंडं आहेत. पण फलक लागला तर माझं गिऱ्हाईक गाडी उभी कुठं करणार? मी खाऊ काय?”

खरे सांगायचे तर आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. सह्या घेताना त्यांचे दुकान वगळून पुढे गेलो होतो. ते नाही म्हणतील, ही भीती होती. चाचांनी लेखी हरकत दिली असती तर कायद्याने ती योग्यच होती. हरकतीची तरतूद त्यांच्यासाठीच तर आहे.

मग रविवारी शाळेच्या वर्गात बैठक घेतली. चाचा, दर्जी, किराणावाले, रिक्षावाले, घरमालक सगळे आले. चहा दोनदा झाला. शेवटी ठरले ते असे: शाळेच्या बाजूला पूर्णवेळ नो पार्किंग. चाचांच्या बाजूला गाड्या लागतील, पण शाळा भरताना आणि सुटताना तिथे चारचाकी नको. टेम्पोने माल सकाळी सातच्या आत उतरवायचा. हा कागद सगळ्यांच्या सहीने आम्ही पोलीस निरीक्षकांना दिला. तात्पुरता आदेश निघाला तेव्हा त्यात जवळपास हेच शब्द होते आणि मुदतीत एकही हरकत गेली नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे. शेजारच्या गल्लीत मशीद आहे. जुम्माच्या दुपारी त्या फाटकासमोर लागणाऱ्या गाड्या बाहेरच्या नसतात, आपल्याच असतात. ‘पंधरा मिनिटांत आलोच’ म्हणून लावलेली गाडी पाऊण तास हलत नाही. पोलिसांकडे नियम मागायला जायचे आणि आपल्या दिवशी तो मोडायचा, हे मुले बघत असतात. मशीद कमिटीने आता चार तरुणांना जुम्माला कोपऱ्यावर उभे केले आहे. चालत येण्याजोगे अंतर असेल त्यांनी चालत यावे, असे माइकवरून सांगितले जाते. यासाठी कुठलाच आदेश लागला नाही.

उत्तरच आले नाही तर?

महिनाभर वाट बघा. मग स्मरणपत्र द्या, त्यात आवक क्रमांक लिहा. तरी हालचाल नसेल तर पुढची पाऊलवाट अशी.

माहिती अधिकार, २००५: दहा रुपयांचे शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘फलक का लावत नाही?’ असे विचारू नका. कागद मागा: आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, पाहणी अहवालाची प्रत द्या.

लोकशाही दिन: जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. आधी अर्ज भरावा लागतो.

आपले सरकार: राज्याच्या या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेता येतो.

नगरसेवक: त्यांचे पत्र उपयोगी पडते, जरूर घ्या. पण अर्ज आपलाच असू द्या. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर काही वर्षे तिथे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात नगरसेवकच नव्हते. पदे येतात-जातात, आवक क्रमांक राहतो.

याच मार्गाने उलटाही प्रश्न विचारता येतो. एखाद्या फलकामुळे दंड झाला आणि तो फलक झाडाआड किंवा चुकीच्या जागी आहे असे वाटले, तर त्या फलकामागचा आदेश मागा. आदेशात कोणती बाजू आणि कोणती वेळ लिहिली आहे ते ताडून बघा. फोटो काढून ई-चलनाविरुद्ध पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते.

आमच्या गल्लीत आज

अर्जाच्या पहिल्या तारखेपासून आठव्या महिन्यात फलक लागला. निळा गोल, लाल कडा, एक तिरपी रेघ, खाली वेळेची पाटी. त्याच्या शेजारी पोरांचा जुना पत्रा अजून लटकत होता. तो आम्ही काढून शाळेत ठेवला आहे. सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. पट्टे पहिल्याच पावसात फिकट झाले. लग्नाच्या मोसमात कुणीतरी गाडी लावतोच. मग चाचाच दुकानातून ओरडतात, “ए भाई, फलक दिसत नाही का?”

मागच्या महिन्यात गल्लीत पुन्हा रुग्णवाहिका आली, दुसऱ्या एका घरी. ती थेट दारापर्यंत गेली. खाला त्या वेळी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला हाक मारली आणि हाताने फक्त फलकाकडे खूण केली.

तुमच्या गल्लीत असा प्रश्न असेल तर येत्या रविवारी एक टेप घ्या आणि रुंदी मोजा. सुरुवात तिथून होते.